शामोनीत एप्रिलचे नऊ दिवस : व्हाले ब्लांश आणि कॉस्मिक धार, क्रम कसा लावावा?

हिमकण

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघे नऊ दिवस फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनीला असू. तिघांचाही बेसिक माउंटेनियरिंग कोर्स झाला आहे. क्रॅम्पॉनवर (बुटाला लावायचे काटे) चालणे, आइस अ‍ॅक्सने घसरण रोखणे, हिमनदीवर दोराला बांधून चालणे आणि क्रेव्हासमधून (हिमनदीतली खोल भेग) माणूस वर काढणे यांचा सराव झालेला आहे. कातळावर तिघेही चढतो, पण लीड करणारा (पुढे चढून दोर लावणारा) एकच. स्कीइंग लाल पिस्टवर (स्कीसाठी तयार केलेली उतरण, काळी सर्वांत कठीण) निर्धास्त, काळ्या पिस्टवर सावकाश, पिस्टबाहेर मोजकेच दिवस.

आराखडा असा आहे : पहिला दिवस पोचण्यात. दुसऱ्या दिवशी व्हाले ब्लांश, ही हिमनदीवरची लांब स्की उतरण. तिसऱ्या दिवशी कॉस्मिक धार, ही कातळ-बर्फाची चढाई. चौथ्या दिवशी स्कीवरून कॉस्मिक हटला (डोंगरातले मुक्कामघर) मुक्काम, पाचव्या दिवशी पहाटे मॉं ब्लां द्यु ताक्युल शिखर आणि खाली. उरलेले दिवस पिस्टवर.

प्रश्न :
१) क्रम बरोबर आहे का?
२) स्कीच्याच बुटांवर धार चढता येईल, की दोन जोड न्यावे लागतील?
३) गाइड दोनच दिवस परवडणार असेल तर कुठल्या दिवशी घ्यावा?
४) हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये ‘३’ असेल तर जायचे की नाही?

बिलेमास्तर

क्रम जवळजवळ उलटा करा. शामोनी गाव १०३५ मीटरवर आहे आणि एग्वी द्यु मिदीचा माथा ३८४२ मीटरवर. मधल्या प्लां स्थानकावर (२३१७ मी.) केबिन बदलून केबल कार वीसेक मिनिटांत वर पोचवते. दुसऱ्याच दिवशी वर गेलात तर डोके जड, दम अपुरा आणि पाय अजून स्कीवर बसलेले नाहीत, अशा अवस्थेत पाठीवर स्की बांधून अरुंद धार उतरायची आणि पुढे क्रेव्हासांच्या प्रदेशात शिरायचे. तिथे होणाऱ्या चुका बहुतेक थकव्यातून होतात.

माझ्या मते असा क्रम ठेवा :

दुसरा दिवस पिस्टवर, पण व्हाले ब्लांशला जी पाठपिशवी नेणार तीच पूर्ण भरून. आठ-नऊ किलो पाठीवर असले की वळण घेताना तोल मागे जातो. ते पिस्टवर कळलेले बरे.

तिसरा दिवस समोरच्या एग्वी रूज रांगेत स्की टूर. फ्लेजेरहून आंदेक्स लिफ्टने २३८५ मीटरवर जायचे, तिथून आडवे जाऊन कोल दे क्रोश्यूच्या खिंडीत चढायचे. खिंडीखालचा शेवटचा टप्पा उभा आहे, बर्फ टणक असेल तर स्की पाठीला बांधून पायांनी चढावा लागतो. पलीकडे थोडे आडवे जाऊन पुन्हा स्किन (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची पट्टी) लावून बेरारची खिंड, मग बेरारच्या लांब खोऱ्यातून ल ब्युए गावापर्यंत उतार आणि ट्रेनने परत. इथे हिमनदी नाही, पण स्किन लावणे-काढणे, वळणाची किकटर्न, स्की पाठीला बांधणे आणि वेळेवर उतरणे या चारही गोष्टींची रंगीत तालीम होते. चढाईच्या बाजूला सकाळचे ऊन येते, म्हणून पहिल्या लिफ्टने निघा. एप्रिलच्या ऊबदार दिवशी उशीर झाला की तोच उतार ओल्या बर्फाचा होतो.

चौथा दिवस व्हाले ब्लांश. पाचवा गावाजवळच्या ‘गायां’ नावाच्या कातळावर हातपाय मोकळे करायला. सहावा कॉस्मिक धार. सातवा-आठवा हट. नववा राखीव.

या तारखा पक्क्या मानू नका. वारा वाढला की मिदीची केबल कार बंद राहते. तिसऱ्या दिवसानंतर जे दोन-तीन स्वच्छ, कमी वाऱ्याचे दिवस मिळतील ते वरच्या कामाला द्या, बाकीची कामे उरलेल्या दिवसांत बसवा.

ताक्युल (४२४८ मी.) या वेळी वगळा. नेहमीची वाट उत्तर उतारावरून, सेरॅकांच्या (हिमनदीतले बर्फाचे उभे सुळके-कडे) खालून जाते. सेरॅक थंडी-ऊन बघून पडत नाहीत, पहाटेही पडतात. ऑगस्ट २००८ मध्ये याच उतारावर सेरॅक कोसळून झालेल्या हिमस्खलनात आठ गिर्यारोहक गेले. शिवाय एप्रिलमध्ये त्या उतारावर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ साचलेला असतो. तिथे कौशल्याने कमी होणारा धोका थोडा आणि तुमच्या हाताबाहेरचा जास्त.

उतारमापी

बिलेमास्तरांच्या क्रमाशी सहमत. मी फक्त व्हाले ब्लांशबद्दल सविस्तर लिहितो, कारण ‘सोपी स्की उतरण’ हे तिचे वर्णन लोकांना फसवते. मुख्य वाटेचा उतार खरोखरच लाल पिस्टपेक्षा फारसा कठीण नाही. पण ती सुमारे २० किलोमीटर हिमनदी आहे. पट्टे मारलेले नाहीत, गस्त नाही, फलक नाहीत.

सुरुवात बर्फाच्या बोगद्यापासून. हार्नेस, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचे रेडिओ-यंत्र), क्रॅम्पॉन हे सगळे स्थानकाच्या आत, बाकावर बसून घाला. बोगद्याच्या तोंडाशी वारा आणि गर्दी असते, तिथे हातमोजे काढून पट्टे आवळत बसायला जागाच नसते. वरचे तापमान उणे १५ आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे २७ सारखे लागते. क्रॅम्पॉनचा पट्टा धरून दोन मिनिटांत बोटे बधिर होतात.

पुढची धार हिवाळ्यात दोर आणि खांब लावून सजवलेली असते. तरी क्रॅम्पॉन घालाच. शेकडो बुटांनी घासून पायऱ्या काचेसारख्या होतात. एका बाजूला शामोनीपर्यंतची दरी आहे. स्की पाठीला बांधताना टोके डोक्यावर एकत्र बांधली की वाऱ्यात शीड होते आणि शेपटे पायऱ्यांना लागतात. धार उतरताना स्की थोड्या वर सरकवून बांधा. लावलेल्या दोरावर सगळा भार टाकू नका, समोरून येणारा माणूस तोच दोर ओढत असतो. तिघांतला कच्चा गडी मध्ये आणि छोट्या दोराला बांधलेला हवा. उतरताना सर्वांत अनुभवी माणूस शेवटी, म्हणजे वरच्या बाजूला.

धारेखालच्या सपाट जागेवर स्की घाला. तिथून खाली पोचेपर्यंतचा नियम एकच : स्की काढायच्या नाहीत. स्की तुमचे वजन लांब पट्टीवर पसरवते. फोटोसाठी, लघवीसाठी, बाइंडिंगमधला (बूट स्कीला अडकवणारा भाग) बर्फ काढण्यासाठी माणूस स्की काढतो आणि तेच पाऊल झाकलेल्या क्रेव्हासवरच्या पुलातून आत जाते. काढणे भागच असेल तर आधी प्रोबने (बर्फात टोचायची लांब घडीची काठी) भोवतालचा बर्फ टोचून बघा.

हार्नेस तर सर्वांनाच हवा, पण बक्कल लावून जॅकेटखाली दडवलेला हार्नेस उपयोगाचा नाही. १२० सेंटिमीटरची स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) हार्नेसच्या पुढच्या बिंदूला गाठ मारून अडकवा आणि दुसरे टोक पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला कॅराबिनरने लावा. क्रेव्हासमध्ये पडलेला माणूस बऱ्याचदा भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकतो. वरून उतरणाऱ्याला त्याचे खांदे तेवढे दिसतात, हार्नेसपर्यंत हात पोचत नाही. ती स्लिंग वर असेल तर दोर लगेच जोडता येतो. स्की पोलचे पट्टे मनगटात घालू नका.

तिघांत एकच दोर असणे ही नेहमीची चूक. दोर ज्याच्या पिशवीत तोच आत पडला तर वरचे दोघे रिकाम्या हातांनी उभे राहतात. दोघांकडे प्रत्येकी ३० मीटरचा दोर हवा. बाकीचे साहित्य तिघांकडेही : २० सेंटिमीटरच्या आसपासचा एक आइस स्क्रू, दोन लांब स्लिंग, तीन-चार लॉकिंग कॅराबिनर, दोर धरून ठेवणारी दातेरी पुली किंवा प्रुसिक (दोरावर आवळून बसणारी दोरीची गाठ).

वाट : मुख्य रेषा ग्रो रोन्यों या खडकाला वळसा घालून जेआं हिमनदीच्या उघड्या पात्रात उतरते. तिथे मोह होतो तो डावीकडे जाणाऱ्या खुणांचा. त्या आंव्हेर द्यु प्लांकडे जातात, जिथे उतार जास्त उभा आणि क्रेव्हास अधिक. खुणा आहेत म्हणजे वाट बरोबर, असे मानू नका. पुढे रकँ हटच्या (२५१६ मी.) खालून जेआंचे सेरॅक लागतात. हा सगळ्यांत फुटलेला भाग. इथे एकामागून एक, अंतर ठेवून, न थांबता जायचे. स्की आडवी करून घसरत उतरायचा मोह आवरा. क्रेव्हासच्या तोंडाला समांतर उभे राहिलात तर पूर्ण वजन एकाच पुलावर येते. भेग काटकोनात ओलांडली की स्कीची दोन टोके दोन काठांवर राहतात. सेरॅक संपले की साल आ मांजे नावाची सपाट जागा येते. थांबून खायचे ते इथे, वर नाही.

नंतर मेर द ग्लास या खालच्या हिमनदीवरचा लांब, जवळजवळ सपाट टप्पा. स्कीला वॅक्स नसेल तर इथे पोल मारत दंड भरून येतात. एप्रिलमध्ये गावापर्यंत बर्फ उरलेला नसतो असे धरूनच चला आणि मोंतांव्हेरहून (१९१३ मी.) दातेरी रुळांच्या रेल्वेने उतरा. हिमनदी इतकी खचली आहे की जुन्या गोंडोलापर्यंत पाचशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागत. २०२४ मध्ये वरच्या अंगाला नवा गोंडोला सुरू झाला. जुनी वर्णने वाचून आखणी करत असाल तर हा शेवट बदलला आहे हे ध्यानात घ्या. गोंडोला आणि ट्रेनची शेवटची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

सकाळच्या पहिल्या केबिनांपैकी एक आरक्षित करा. एप्रिलमध्ये वरचे पूल हिवाळाभरच्या बर्फाने जाड असतात, ही जमेची बाजू. पण दुपारच्या उन्हात तेच मऊ होतात आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून दगड-बर्फ सुटू लागतो. दुपार व्हायच्या आत सेरॅकांखाली उतरलेले असलात तर ठीक.

दोरावरची

उतारमापींनी एक मुद्दा अर्धवट ठेवला. उतरताना दोराला बांधून स्की करायची का? चांगला बर्फ, दिसणारी वाट असेल तर नाही. तिघे दोरावर स्की करायला लागले की एकमेकांना पाडतात, ढिला दोर स्कीखाली येतो आणि पडणाऱ्याला रोखायला कोणीच तयार नसते. पण धुक्यात, ताज्या बर्फाने खुणा पुसलेल्या असताना आणि सपाट किंवा चढाच्या टप्प्यांवर बांधायलाच हवे. तिघांमध्ये दहा-बारा मीटर अंतर, दोर ताणलेला. दोघेच असाल तर अंतर पंधरा मीटरपर्यंत आणि मधल्या दोरात अडसराच्या गाठी. पुलाच्या काठात त्या रुततात आणि वरच्या माणसावरचा झटका कमी होतो.

आणि हो, हलका ६ मिलिमीटरचा हिमनदी-दोर घेतलात तर त्यावर नेहमीची ६ मिलिमीटरची प्रुसिक घसरते. त्याला जुळणारी दातेरी पुली किंवा त्यासाठीच बनवलेली दोरी लागते. घरी जिन्याला दोर बांधून पूर्ण वजनाने लटकून बघा. तो दोर ताणत नाही, म्हणून लीड करायला तो चालत नाही. कॉस्मिक धारेसाठी ५० मीटरचा साधा डायनॅमिक दोर वेगळा हवा.

साधनपेटी

बुटांचे उत्तर कॉस्मिक धारेच्या भूगोलातच आहे. धार कॉस्मिक हटजवळून सुरू होते आणि मिदीच्या गच्चीवर लोखंडी शिडीने संपते. म्हणजे सुरुवात खाली, शेवट केबल कारपाशी. स्की घालून पायथ्याला गेलात तर चढताना त्या पाठीवर घ्याव्या लागतील. चिमणीत (कातळातली अरुंद उभी फट) आणि रॅपलिंगला (दोरावरून उतरणे) त्या प्रत्येक ठिकाणी अडकतात. म्हणून त्या दिवशी स्की गावातच ठेवा. बोगद्यातून पायी धार उतरा, दोराला बांधून हिमनदीवरून पायथा गाठा, चढून थेट स्थानकात या. पायी जायचेच आहे तर गिर्यारोहणाचे बूट घाला. ते गावात भाड्याने मिळतात, दुसरा जोड विमानातून ओढायची गरज नाही.

स्कीच्या बुटांवर धार चढणारे असतात, अशक्य नाही. पण घोटा वाकत नसल्याने कातळावरच्या बारीक पायऱ्या जाणवत नाहीत. लीड करणारा एकच असताना ही अडचण विकत घेऊ नये.

स्कीसाठी : चालण्याचा मोड असलेला टूरिंग बूट आणि पिनचे बाइंडिंग. पुढच्या पिनांच्या खाचांत बर्फ गोठला तर बाइंडिंग बंद झाल्यासारखे वाटते, पण पहिल्याच वळणाला बूट सुटतो. प्रत्येक वेळी पोलच्या टोकाने खाच साफ करा, पाय दोन-तीनदा झुलवून बघा, मग टाच बसवा. स्किन दोन टप्प्यांच्या मध्ये जॅकेटच्या आत ठेवा. गोंदावर ओला बर्फ बसला की ती टूरच्या मध्यावर निघते. तशी निघाली तर स्की बांधायचे रबरी पट्टे कामाला येतात, प्रत्येकाकडे दोन हवेत. स्कीचे क्रॅम्पॉन तुमच्या स्कीच्या कमरेइतके रुंद आहेत ना, हे दुकानातच बसवून बघा. ९५ मिलिमीटरच्या स्कीवर ८५ चा बसत नाही, आणि ते कळते ते टणक उतारावर.

पायाचे क्रॅम्पॉन : स्कीच्या बुटाचा तळ लांब असतो, नेहमीची जोडपट्टी कधी कधी पुरत नाही. बुटावर चढवून टाचेचा लिव्हर ‘टक्’ असा बसला पाहिजे. मग बूट उचलून जोरात हलवा, क्रॅम्पॉन जागचा हलता कामा नये. दोन बुटांसाठी एकच जोडी वापरणार असाल तर दोन्ही मापांची खूण पट्टीवर करून ठेवा. स्कीच्या दिवसांना अ‍ॅल्युमिनियमचे हलके क्रॅम्पॉन पुरतात.

बिलेमास्तर

शेवटच्या वाक्याला पुरवणी : धारेवर अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. कॉस्मिक धार क्रॅम्पॉन न काढता चढतात. कठीण लादीवर क्रॅम्पॉनची टोके टेकवायला कातळात भोके पाडलेली आहेत, आणि तेवढी जागा सोडली तर ग्रॅनाइटवर सतत घासत जायचे असते. अ‍ॅल्युमिनियमची टोके तिथे एका दिवसात बोथट होतात. पोलादी, बारा टोकांचेच घ्या.

धारेची श्रेणी एडी, म्हणजे ‘बऱ्यापैकी कठीण’. मध्ये रॅपलिंगचे टप्पे, मग ती लादी, चिमणी आणि शेवटी शिडी. पाच-सहा स्लिंग, काही छोटे-मध्यम कॅम (कातळाच्या फटीत बसवायचे आधार), एक आइस अ‍ॅक्स. गच्चीवर पोचायला चांगल्या स्थितीत तीन-चार तास, एप्रिलचा बर्फ खडकांवर असेल तर त्याहून जास्त. वेळ जातो तो रॅपलिंगच्या रांगेत. शेवटच्या केबिनच्या किमान दोन तास आधी गच्चीवर पोचायचे असे गणित मांडून मागे मोजा.

ऑगस्ट २०१८ मध्ये याच धारेचा एक भाग कोसळला. खडकाच्या फटींतला कायमचा गोठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, सांधे सुटतात. एप्रिलची थंडी त्या दृष्टीने तुमच्या बाजूने आहे. तरी वाटेची ताजी स्थिती गावातल्या ला शामोनियार्द या पर्वत-सुरक्षा संस्थेच्या ऑफिस द ओत मोंतान्यमध्ये विचारूनच जा. तिथे ताज्या नोंदींची वही असते आणि माहिती विनामूल्य मिळते.

उतारमापी

प्रश्न ४. युरोपची हिमस्खलन श्रेणी पाच पायऱ्यांची आहे, त्यामुळे ३ हा आकडा ‘मधला, म्हणजे ठीक’ वाटतो. तसा तो नाही. पायऱ्या चढतात तसा धोका सारख्या अंतराने वाढत नाही, तो झपाट्याने वाढतो. ३ चा अर्थ असा की काही उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही थर सुटू शकतो. मोठ्या संख्येने अपघात याच पायरीवर होतात, कारण ४ ला लोक घरी बसतात आणि ३ ला निघतात.

मेतेओ-फ्रान्स या हवामान संस्थेचे बुलेटिन दुपारी चारच्या सुमारास येते, पुढच्या दिवसासाठी. त्यात मॉं ब्लां रांगेचे पान उघडा आणि आकड्याच्या आधी तीन गोष्टी वाचा : कुठल्या उंचीच्या वर, कुठल्या दिशेच्या उतारांवर, आणि कारण काय. कारण ताजा बर्फ किंवा वाऱ्याने साचवलेली बर्फाची पाटी असेल तर दोन-चार दिवसांत ती बसते आणि धारेजवळचे भरलेले उतार टाळून फिरता येते. कारण खोलवरचा टिकाऊ कमकुवत थर असेल तर तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो आणि वरून काही दिसत नाही. तेव्हा ३ ला मी ३० अंशांच्या खालीच राहा म्हणेन. कारण ओला बर्फ असेल तर दिशा आणि घड्याळ सांभाळा, सकाळी २ असलेला उतार दुपारी ३ होतो.

फ्रान्सच्या आयजीएन (सरकारी नकाशा संस्था) नकाशावर उताराचा थर लावा : पिवळा ३० ते ३५ अंश, नारिंगी ३५ ते ४०, लाल ४० ते ४५, जांभळा त्यावर. आपण चालतो तो उतार हिरवळीसारखा सौम्य असला तरी डोक्यावर लाल पट्टा असेल तर तो तुमचाच उतार आहे. कोल दे क्रोश्यूची वाट अशी आदल्या रात्री रंग बघून आखा. बर्फ पायाखाली ‘धप्प’ असा बसला, स्कीपासून तडे धावले, शेजारच्या नाळेत ताजे स्खलन दिसले, तर बुलेटिनचा आकडा कितीही असो, मागे फिरा.

दुसऱ्या दिवशी पिस्ट झाल्यावर बीकनचा सराव तिघांनीही करा, प्रत्येकाने एकट्याने, कारण तिघांतला एक गाडला गेला तर शोधायला दोघेच उरतात आणि दोन गेले तर एकच. बीकन शोधताना पृष्ठभागाजवळ हळू हलवा. सर्वांत कमी आकडा आला की तिथून प्रोब २५ सेंटिमीटरच्या अंतराने चक्राकार टोचत जा. लागल्यावर प्रोब काढू नका. खणायला उताराच्या खालच्या बाजूने शिरा, थेट डोक्यावरून नको. गाडलेल्याच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटे असतात, आणि त्यातली बहुतेक खणण्यात जातात. म्हणून फावडे धातूचे हवे, प्लॅस्टिकचे गोठलेल्या ढिगात वाकते. मोबाइल बीकनपासून २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. बॅटरी साध्या अल्कलाइन, पुन्हा चार्ज होणाऱ्या नकोत : त्यांची उरलेली शक्ती बीकन चुकीची दाखवतो.

श्वासमात्रा

उंचीबद्दल. गावात झोपून दिवसा ३८०० मीटरवर जाऊन येणे आणि ३६१३ मीटरवरच्या कॉस्मिक हटमध्ये रात्र काढणे यांत मोठा फरक आहे. झोपेत श्वास मंदावतो, त्रास रात्री वाढतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, आणि इथे तो पाळणे शक्यच नाही. म्हणून आधीच्या दिवसांत दोनदा मिदीला जाऊन आलेले असणे महत्त्वाचे. बिलेमास्तरांच्या क्रमात ते आपोआप होते.

अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यायचे असेल तर प्रतिबंधाची नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि पहिली गोळी घरी घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, हे अपेक्षित आहे. डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला, बोलणे अडखळले किंवा बसल्या जागी दम लागला तर सकाळची वाट बघू नका, खाली या. रात्री केबल कार नसते, म्हणून शंका असेल तर शेवटच्या केबिनच्या आधीच निर्णय घ्या. हटमध्ये रक्षक असतो, त्याला उठवायला संकोच करू नका.

चष्मा चौथ्या श्रेणीचा, बाजूंनी झाकलेला. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही क्रीम लावा, भाजते ते तिथेच.

हिमकण

खूप उलगडले. ताक्युल काढले, धारेच्या दिवशी स्की गावातच. मग हटच्या मुक्कामाचा उपयोग काय करावा? आणि गाइडचे दोन दिवस कुठले? एका मित्राने वॉर्म-अपला ग्रां मोंतेच्या माथ्यावरची उतरण सुचवली आहे.

बिलेमास्तर

ग्रां मोंतेच्या (माथा ३२९५ मी.) केबल कारचे लोन्यां येथील मधले स्थानक सप्टेंबर २०१८ च्या आगीत जळाले आणि माथ्यापर्यंतची सेवा बंद पडली. पुस्तकांतली ‘केबल कारने माथा, तिथून पेतित व्हेर्त शिखर’ ही वाट त्याच्या आधीची आहे. वर काय चालू आहे ते त्या हंगामाच्या लिफ्ट-यादीत बघा. खालच्या लोन्यां परिसरातले पिस्ट दुसऱ्या दिवसाला उत्तम.

हटचा उपयोग : दुपारी मिदीहून स्कीवरून हट गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉइंट लाशनालच्या बाजूला छोटी चढाई करा, किंवा ती नको असेल तर फक्त लवकर निघा. पहिली केबिन वर यायच्या आधी व्हाले ब्लांशवर असाल, बर्फ टणक, गर्दी शून्य. दुसऱ्यांदा तीच वाट उतरताना तुम्ही स्वतः वाट काढायला शिकाल. जागा महिनाभर आधी आरक्षित करा.

गाइडचा पहिला दिवस : पहिली व्हाले ब्लांश. तिघांना मिळून एक गाइड चालतो. त्याला सांगून ठेवा की शिकायचेही आहे, म्हणजे तो थांबण्याच्या जागा आणि त्या वर्षीच्या क्रेव्हासांच्या रेषा दाखवील. गाइडकडे यूआयएजीएम या आंतरराष्ट्रीय पर्वत-गाइड संघटनेचे ओळखपत्र असले पाहिजे. फ्रान्समध्ये स्की प्रशिक्षकाला पिस्टबाहेर नेता येते, पण हिमनदीवर नाही. स्वस्त पडतो म्हणून प्रशिक्षक घेऊन व्हाले ब्लांशला जाता येत नाही.

दुसरा दिवस : कॉस्मिक धार. इथे अडचण आहे. धारेवर गाइड सहसा दोघांनाच घेतो. तिघांसाठी दोन गाइड, किंवा तिसऱ्याने त्या दिवशी दुसरे काही करायचे. ‘दोघे गाइडबरोबर, तिसरा मागून’ ही तडजोड करू नका.

दोरावरची

विम्याचे कोणी लिहिले नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, पण तो काढून झाला म्हणजे काम झाले असे नाही. पॉलिसीतले वगळलेल्या बाबींचे पान वाचा. ‘पिस्टबाहेरचे स्कीइंग’, ‘हिमनदी’, ‘दोर वापरून केलेली चढाई’ आणि उंचीची मर्यादा, हे चार शब्द शोधा. एकही वगळलेला असेल तर वेगळी पर्वतारोहण पॉलिसी घ्या किंवा एखाद्या आल्पाइन क्लबच्या सदस्यत्वाबरोबर मिळणारे बचाव-संरक्षण घ्या.

फ्रान्समध्ये उघड्या डोंगरातली पीजीएचएमची (पोलिसांचे पर्वत-बचावपथक) सुटका विनामूल्य असते, पिस्टवरून स्लेजने खाली आणण्याचे मात्र पैसे लागतात. दवाखान्याचे बिल दोन्हीकडे तुमचेच. सीमा ओलांडून इटली-स्वित्झर्लंडच्या बाजूला गेलात तर हेलिकॉप्टरचाही खर्च येतो. बोलावण्याचा क्रमांक ११२. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे, म्हणजे मदत हवी. एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको. स्की, पोल, सैल चटया सगळे दाबून धरा.

साधनपेटी

एक राहिले. मिदीचे आरक्षण केबिनच्या क्रमांकाचे असते, आणि वाऱ्यामुळे उशिरा सुरू झाले की सगळे क्रमांक पुढे सरकतात. सकाळी केबल कार दोन तास उशिरा सुटत असेल तर त्या दिवशीची व्हाले ब्लांश सोडा. तेवढे दोन तास सेरॅकांखाली दुपारी भरावे लागतात. अशा दिवसासाठी ल तूरच्या वरचे बाल्मचे पिस्ट किंवा ‘गायां’ कातळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. तिथल्या सामानाची वेगळी पिशवी भरून दाराशी ठेवलीत की सकाळी वाद होत नाही.